मोटारबोट नको, डोंगा घ्या

आधी पैशाचं सांगतो. मोटारबोटीला आठशे रुपये देऊ नका. मी दिले, आणि अर्ध्या तासाच्या फेरीतली वीस मिनिटं तलावाच्या मधोमध उन्हात बसून काढली. पंख्याला गवत गुंडाळलं होतं.

तलाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला, जुना मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला. नाव मुद्दाम देत नाही. मला निघताना सांगितलं होतं, "पाण्याखालचं गवत बोटीतून मस्त दिसते." दिसलं, पण पंख्यात. बोटवाला इंजिनाला झटके देत राहिला आणि प्रत्येक झटक्याला हिरव्या फिती मुळांसकट वर येत राहिल्या.

हे गवत म्हणजे वॅलिसनेरिया, फितीसारख्या पानांची पाणवनस्पती. तिचे नातलग समुद्रातही आहेत. तामिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात डुगाँगसाठी, म्हणजे समुद्रगाईसाठी, ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. डुगाँग ज्या समुद्री गवतावर जगतो, त्यातल्या काही जाती आणि आपल्या तलावातलं हे गवत एकाच कुळातलं. तिकडेही उथळ पाण्यात पंख्याने चर पडतात आणि ते भरायला वर्षं जातात. एवढं वाचून आलो होतो, तरी बसलो मोटारबोटीतच. अक्कल म्हणतात ती नंतर येते.

शेवटी ढिवर या मासेमार समाजातले एक काकाजी डोंगा, म्हणजे बांबूने ढकलायची छोटी होडी, घेऊन आले. बोटवाल्याला म्हणाले, "मशीन बंद कर ना बाप्पा, काहून जोर लावून रायला? पंखा वर घे." मग बांबू टेकवून आलो त्याच वाटेने बोट मागे रेटली. तुमची बोट अडकली तर हेच करायला लावा.

दुसऱ्या दिवशी काकाजींच्याच डोंग्यात गेलो. दोनशे रुपये, घासाघीस केली नाही. बांबूने ढकललेला डोंगा गवतावरून नुसता सरकतो. एका ठिकाणी त्यांनी थांबवून दाखवलं: स्प्रिंगसारखा वेटोळा देठ आणि वर पाण्याला टेकलेलं इवलंसं मादी फूल. नरफुलं तळाशी सुटतात, वर येऊन तरंगत तिला गाठतात. मग देठ आखडतो आणि फळ खाली ओढून नेतो. या एका गोष्टीसाठी मी पुन्हा जाईन.

हे गवत आपोआप टिकलेलं नाही. काकाजींच्या मच्छीमार सोसायटीने काठची बरीचशी बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) काढली, दुसऱ्या तलावातून रोपं आणून लावली आणि गवत्या मासा सोडणं बंद केलं, कारण तो सगळं फस्त करतो. "गवत नाई त मरळ अंडी कुठी देईन, भाऊ?" मोटारबोटवाल्यांनाही त्यांनी दोनदा बैठकीला बोलावलं. एक आला, चहा पिऊन गेला. माझ्या मते तलावाच्या उथळ बाजूला बांबू रोवून मोटारबोटीची वाट ठरवून द्यावी. समजावणीने हे व्हायचं नाही.

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, डोंग्यापर्यंतचा बेशरमीतला पट्टा मात्र वाईट. दिसतो शंभर पावलांचा, पण गुडघाभर गाळ आणि खाली तोडलेले खुंट. सॅंडल नेऊ नका. माझी डावी तिथेच आहे. पट्ट्याचे जुने बूट घाला, हातात काठी ठेवा.

परतीची गाडी आधी बघून ठेवा. गोंदिया-बल्लारशा लाइनीवर गाड्या मोजक्याच, आणि ती चुकली की ऑटोवाला तोंड बघून भाव सांगतो. माझं, एक सॅंडल घातलेल्या माणसाचं, तोंड बघून त्याने सहाशे सांगितले.