मेंढ्यात हात मोजत नाहीत

गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या एसटीतून मेंढ्याला उतरलो. मार्च संपत आलेला. मोहाच्या झाडांखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या आणि त्या गोड, जड वासाने सगळी सकाळ भरून गेली होती.

मेंढा-लेखा म्हणजे शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. ती मी कॉलेजात असताना ऐकली होती. तेव्हापासून इथे यायचं होतं, कारण माझ्या गावची ग्रामसभा म्हणजे घरोघर सह्यांसाठी फिरणारं रजिस्टर.

इथे ग्रामसभेत मतदान नाही. निर्णय सर्वसहमतीने. एखाद्याला पटलं नसेल तर विषय तिथेच थांबतो, पुन्हा बसायचं. वेळ लागतो, लागू द्यावा. त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस काढला जातो. बाहेरचे जाणकार तिथे येऊन सांगतात, पण ठरवायचं गावाने. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं जपली.

तिचा कस लागला तो बांबूवर. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपज आहे, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा, गावाला गोळा करून विकता येणारा माल. तरी तो जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा, आणि खातं तो देईना. बांबू आपला, पण विकता येत नाही! गाव हटलं नाही. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून परवाना ग्रामसभा देते. बांबूच्या पैशातून मजुरी सुटते, उरलेलं गावाच्या कामी येतं. माझ्या मते रस्ते-नळांच्या आधी विकास इथे सुरू होतो.

संध्याकाळी ग्रामदानाचा विषय निघाला. २०१३ साली गावाने आपली शेतजमीनही १९६४च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. कसतो तोच, पण बाहेरच्याला विकता येत नाही. सात-बारावरच्या एका गुंठ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिलेत. एखादा नाही म्हणाला असता तर, असं मी विचारलं.

मोहाची फुलं वाळत घालणारी आजी म्हणाली, “तर अजून बसलो असतो.”