चैत्रगौरीचा महिना

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवली, साखरेची गाठी मुलांच्या हाती दिली आणि नवे पंचांग खिळ्याला लावले, की अलीकडे बहुतेक घरांतला चैत्र संपतो. आमच्या घरी तो त्यानंतर दोन दिवसांनी, शुद्ध तृतीयेला, खऱ्या अर्थाने सुरू होतो, कारण त्या दिवशी देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा उचलून पितळी झोपाळ्यात बसवली जाते आणि चैत्र सरून वैशाखातली अक्षय तृतीया येईपर्यंत ती तिथेच राहते. गौर माहेरपणाला आली आहे, असे आजी सांगत असे. माहेरी आलेल्या लेकीला कोणी काम सांगत नाही. तिला झोपाळ्यावर बसवायचे, गार काहीतरी प्यायला द्यायचे आणि तिच्या निमित्ताने शेजारपाजारच्या बायकांना घरी बोलवायचे, एवढाच या सणाचा विधी आहे, आणि मला तो वर्षातल्या साऱ्या सणांमध्ये सर्वांत जवळचा वाटतो.

या महिन्याला चैत्र हे नाव चित्रा नक्षत्रावरून मिळाले आहे. चैत्री पौर्णिमेच्या रात्री पूर्वेकडे पाहिले, तर पूर्ण चंद्राच्या आसपास चित्रेचा पांढराशुभ्र तारा सहज सापडतो; पंचांगातले नाव आकाशात असे उघड्या डोळ्यांनी पडताळून पाहता येते, याचा आनंद मला दरवर्षी नव्याने होतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे चैत्र मागे मागे सरकत जातो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे येतो. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला होता, 2025 मध्ये 30 मार्चला आणि 2026 मध्ये 19 मार्चला. हा फरक स्वयंपाकघरात लगेच जाणवतो. पाडवा लवकर आला, की तृतीयेला बाजारात हव्या तशा आंबट कैऱ्या मिळत नाहीत, आणि मग आई हळदीकुंकू महिन्याच्या उत्तरार्धात ठेवते. गौरीचा मुक्काम महिनाभराचा असल्याचा हा एक मोठा फायदा आहे: सोयीचा कोणताही दिवस निवडावा, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार.

कैरीशिवाय चैत्रगौर होत नाही. हरभऱ्याची डाळ तीन-चार तास भिजवून, निथळून, भरड वाटायची. तिच्यात किसलेली कैरी, मीठ, चवीपुरती साखर, ओले खोबरे, मिरची आणि कोथिंबीर घालायची आणि वर मोहरी, हिंग, हळदीची फोडणी द्यायची. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय डाळीवर ओतायची नाही, हा आजीचा दंडक होता, कारण गरम फोडणीने डाळीचा ताजा कचरट स्वाद मरतो. जोडीला उकडलेल्या कैरीच्या गराचे, गूळ आणि वेलची घातलेले पन्हे. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातांना गंध, गुलाबपाणी, केसांत मोगऱ्याचा गजरा आणि ओटीत भिजवलेले हरभरे. यातली एकही गोष्ट उन्हाळ्याबाहेरची नाही. बाहेर ऊन तापू लागलेले असते आणि घरात येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा गारवा द्यायचा असतो.

चैत्राच्या इतर व्रतांकडे आणि यात्रांकडे पाहतानाही हाच धागा मला दिसू लागला. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत चैत्रापासून चार महिने प्रपादान करावे, म्हणजे पाणपोई घालावी, असे सांगितले आहे, आणि ज्याला ते शक्य नाही त्याने निदान रोज पाण्याने भरलेला एक घट द्यावा, अशीही सोय ठेवली आहे. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला सासवडहून कऱ्हेच्या पाण्याची कावड येते आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून माणसे एकमेकांना हात देत ती वर नेतात. भर उन्हाळ्यात, माणदेशासारख्या कोरड्या मुलखात, डोंगरावरच्या देवाला पाणी पोचवायचे! चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा भरते, तेव्हा उंच सासनकाठ्या नाचतात, सारा डोंगर गुलालाने गुलाबी होतो आणि ‘चांगभलं’चा गजर होतो, पण मला तिथला दवणा जास्त आठवतो. देवाला वाहिलेल्या त्या सुगंधी दवण्याची काडी घरी आणली, की पुढे कितीतरी दिवस देव्हाऱ्याला तिचा वास येत राहतो.

शुद्ध नवमीला रामजन्माचे कीर्तन ऐन दुपारी बाराला पाळण्यापाशी येते आणि हातावर सुंठवडा पडतो; पौर्णिमेला सूर्योदयाच्या वेळी हनुमानाचा जन्म होतो. याच चैत्री पौर्णिमेला, शके 1602 मध्ये, रायगडावर शिवाजी महाराजांचे निर्वाण झाले. इंग्रजी तारीख 3 एप्रिल 1680. त्यामुळे पहाटे हनुमानाच्या देवळात गुळ-खोबरे वाटले जात असताना आमचे आजोबा त्या दिवशी काही वेळ गप्प बसून असत, हे मला लहानपणी कळत नसे.

हळदीकुंकवाबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहायची आहे. माझी आत्या फार लवकर विधवा झाली आणि त्यानंतरच्या चैत्रात ती दुपारभर मागच्या खोलीत बसून डाळीसाठी कैऱ्या किसत राहिली. पुढे बायकांच्या हसण्याबोलण्याचे आवाज येत होते आणि तिला कोणी हाक मारली नाही. माहेरी आलेल्या लेकीचा सण, आणि घरची लेक मागच्या खोलीत, ही विसंगती आईला सहन झाली नाही. पुढच्या वर्षी तिने आत्यालाच दारात उभे करून सर्वांना गुलाबपाणी शिंपडायला सांगितले आणि पहिली ओटी तिची भरली. दोन-तीन बायका पुढे आल्या नाहीत. बाकीच्या आल्या आणि येत राहिल्या. आईने केले तेच योग्य होते, असे मला ठामपणे वाटते, आणि ज्या घरांत अजूनही कोणाला असे मागे बसवले जाते, त्यांनी या वर्षीच ते थांबवावे.

चैत्रांगण मात्र आमच्या घरातून जवळजवळ गेले होते. आजी रोज सकाळी शेणाने सारवलेल्या अंगणात ते काढत असे, चिमटीतून सुटणाऱ्या रांगोळीच्या एका सलग बारीक रेघेने. मधोमध मखरात झोपाळ्यावर बसलेली गौर, वर सूर्य आणि चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, तुळशीवृंदावन, कासव, नाग, मोर, अंबारीचा हत्ती, आणि अगदी शेवटी गौरीच्या रोजच्या वापरातल्या वस्तू: फणी, करंडा, आरसा. विष्णूच्या आयुधांशेजारी बाईची फणी इतक्या सहजपणे मांडणारी दुसरी रांगोळी मला माहीत नाही. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर अंगण गेले आणि दारात छापील चिकटपट्टी आली. ती नीटनेटकी असते, पण तिच्यात रेघ ओढणारा हात नसतो, आणि रोज पुसून रोज नव्याने काढण्यात जी सेवा आहे ती तिच्यात येऊ शकत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी आईला समोर बसवून तिला आठवत असलेली सारी चिन्हे वहीत काढून घेतली. बत्तीस भरली. आत्याने आणखी चार सांगितली, त्यांत गौरीच्या पावलांची जोडी होती, जी आई विसरली होती. आता जिन्याच्या चौकातल्या काळ्या फरशीवर मी ती काढतो, आणि समोरच्या घरातली मुलगी रोज शाळेत जाण्यापूर्वी पावलांवर हळदीकुंकवाची चिमूट टाकते.

अक्षय तृतीयेला गौरीला आमरसाचा नैवेद्य दाखवला जातो. आई झोपाळ्याच्या साखळ्या पुसून कापडात गुंडाळून ठेवते, अन्नपूर्णा पुन्हा देव्हाऱ्यात जाते, आणि वाळा घातलेला पाण्याचा मातीचा घट पितरांच्या नावाने कोणाला तरी देण्यासाठी दारापाशी भरून ठेवलेला असतो.