तुम्ही विचारलंत म्हणून: आठवड्याला दीड तास बसून काय होतं?

बालमंदिरातल्या, म्हणजे सरकारी बालगृहातल्या, मुलींकडे नेमानं जाऊन बसतो म्हटलं की बेळगावात काय, निपाणीत काय, प्रश्न ठरलेला: ‘‘त्यांच्याशी बोलता तरी काय? आणि आठवड्याला दीड तासानं फरक काय पडणार?’’ देहविक्रीच्या अड्ड्यावरून, लॉजवरून, कामाच्या नावाखाली डांबून ठेवलेल्या घरातून सोडवून आणलेल्या या मुली. सुरुवातीला आम्ही फारसं काही बोलतच नाही. शेंगा फोडतो.

अशा मुलीला फसवून नेणारं माणूस बहुधा ओळखीचंच असतं. गल्लीतली मावशी, काम देतो म्हणणारा पाव्हणा, लग्नाचं वचन देणारा पोरगा. त्यानं आधी ड्रेस घेतला, मोबाइल दिला, चार गोड शब्द बोलला. त्यामुळं खाऊ घेऊन आलेला नवा माणूस दिसला की ती मनात विचारते, याला बदल्यात काय पाहिजे? हा संशय वस्तू देऊन जात नाही. ‘मंगळवारी चारला येते’ म्हणायचं आणि मंगळवारी चारलाच फाटकात उभं राहायचं, असं वीस-पंचवीस वेळा झालं की तो सैल पडायला लागतो. म्हणून वर्षभर जमणार असेल तरच हो म्हणा. सहा महिन्यांखाली तर सुरूच करू नका. आणखी एक माणूस सोडून गेला, एवढंच तिच्या पदरी पडतं.

परवानगी संस्थेच्या अधीक्षिकेमार्फत घ्यायची, पोलीस पडताळणीला कुरकुरायचं नाही. भेटायला जाणाऱ्या एका ताईकडे तीन-चार मुली, त्याच मुली, तीच जागा. खोलीपेक्षा व्हरांडा बरा: दार बंद होत नाही, आणि मुलीला फाटक दिसेल अशी बसायला जागा मिळते. समोरासमोर बसू नका, कडेला बसा. हाताला काम हवं. पहिले महिनाभर शेंगा, भाजी निवडणं, गजगे. मग वाकळ. जुन्या सुती साड्यांचे थर, वर रंगीत तुकडे, साधा धावदोरा. हे काम महिनोन्‌महिने पुरतं, चुकलं तर उसवता येतं, आणि मान खाली असल्यामुळं डोळ्याला डोळा न देता बोलता येतं. सुया मात्र मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. कात्री आपल्याच हातात. काही मुली स्वतःला इजा करून घेतात, त्यात लाजण्या-लपवण्यासारखं काही नाही, पण हिशेब पक्का पाहिजे.

भाषेचं म्हणाल तर अथणी-रायबागकडची पोर कन्नडात रडते आणि मराठीत हसते, असं गमतीनं म्हणतात. खानापूरकडची उलट. ‘अक्का’ म्हणाली तरी चालतं, ‘ताई’ म्हणाली तरी चालतं. ‘आई’ म्हणायला लागली तर मायेनंच पण स्पष्ट सांगायचं, मी ताईच. जे निभावता येणार नाही ते नातं घ्यायचं नाही.

साधारण दुसऱ्या महिन्यात परीक्षा सुरू होते. शिव्या, फेकाफेक, ‘मी येत न्हाई जा’. इथंच बरेच जण गळतात. वाटतं, आपण नको आहोत. खरं तर ती बघत असते, हिला हाकललं तर ही जाते का. ती बाहेर आली नाही तरी दीड तास व्हरांड्यात बसून राहायचं आणि निघताना दाराशी तेवढंच: ‘‘पुढच्या मंगळवारी चारला.’’ खरंच जमणार नसेल तर दोन दिवस आधी फोन करून कारण तिला कळवायचं.

झालेल्या गोष्टीबद्दल विचारायचं नाही. कधीच. कुतूहलानं विचारलेला एक प्रश्न कोर्टात तिच्या साक्षीवर उलटू शकतो. समोरचा वकील म्हणतो: हे हिला कुणी शिकवलं? ती आपण होऊन बोलली तर ऐकायचं, ‘कोण, कुठं, किती वेळा’ म्हणून खोदायचं नाही. तिचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे, तारीख घालून लिहून समुपदेशकाकडे द्यायचे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या 2012 च्या कायद्यानं गुन्हा कळल्यावर न कळवणं हाच गुन्हा आहे. हे तिला आधीच सांगून ठेवावं. फोटोचंही तसंच. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली तिची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाचा केक कापताना पाठमोरा फोटो स्टेटसला टाकणारे चांगले लोकच असतात, हीच अडचण!

आता कॅलेंडर. मुलगी कर्नाटकातली, सुटका सांगली-मिरजेकडं किंवा गोव्यात झालेली, म्हणजे खटला तिकडच्या कोर्टात. तारखेच्या आधी झोप उडते, पोट दुखतं. त्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका. नागपंचमीला इथं माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, उंडे म्हणजे लाडू वळतात, आणि हिला न्यायला कुणी आलेलं नसतं. कधी तर विकणारा घरातलाच असतो, म्हणून ‘घरी जायचंय का गं?’ हा प्रश्नही जपून. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेच्या पौर्णिमांना भंडाऱ्याच्या वासानं एखादी गप्प होते. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात 1982 च्या कायद्यानंच बंदी आली, तरी त्या घरांतल्या मुली अजून येतात. तू त्यातली का, असं विचारू नये. आणि गणपतीत सगळं बेळगाव मंडपात असतं, पण आपला मंगळवार चुकवायचा नाही.

शेवटी एक ठरलेलंच. बालकल्याण समितीचा आदेश येतो आणि मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत जाते, कधी दोन दिवसांत. निरोपाला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक भेटीत उठताना, आज तुझ्यासोबत बसून बरं वाटलं, एवढं म्हणून घ्यावं. वाकळ अर्धी असली तरी तिच्यासोबत द्यावी: उरलेले तुकडे, दोऱ्याचं रीळ पिशवीत घालून. सुई तेवढी वेगळी, तिला नव्या संस्थेत नेणाऱ्या बाईच्या हातात.