कांड्या भरताना

येळ्ळूरहून बेळगावला येणारी बस वडगावात शिरली की खिडकीतून मागांची खटखट ऐकू येते. शाळेत असल्यापासून ती ऐकत आले, पण मागाच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं ते पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षी, छायापत्रकारितेच्या प्रकल्पासाठी. बारा फोटो, प्रत्येकाखाली एक-दोन ओळी, सुरुवातीला छोटी प्रस्तावना, मुदत सहा आठवडे.

वडगाव, खासबाग, शहापूर या भागात माग कारखान्यात कमी आणि घरात जास्त. पुढच्या खोलीत दोन-तीन यंत्रमाग आणि मागे संसार. ज्या घरात मी शेवटपर्यंत गेले तिथं अण्णा साड्या विणतात. घरात कानडी चालते, माझ्याशी मराठी. दारात पाय ठेवला की त्यांच्या बायको, अक्का, म्हणायच्या, "बा तंगी," म्हणजे ये गं धाकटे, आणि पुढचं सगळं मराठीत.

पहिला दिवस फुकट गेला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मामेभावाचा कॅमेरा मागून आणला होता. आडवं सूत घेऊन पळणारा धोटा इकडून तिकडं इतक्या वेगानं जातो की त्याला गोठवायचं म्हणून मी शटर एक पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं. घरी येऊन बघते तर निम्म्याहून जास्त फोटोंवर आडवे काळे पट्टे. कॅमेरा बिघडला असं वाटून मला रात्रभर झोप नाही. सकाळी भावानं सांगितलं, दोष ट्यूबलाइटचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर एक पन्नास किंवा एक शंभर ठेवलं की पट्टे जातात. पण मग धोटा पुसट येतो. मी पुसट धोटा पत्करला, आणि आता तोच मला आवडतो. तिथं उभं राहिल्यावर डोळ्याला तो तसाच तर दिसतो, एक पांढरी रेघ.

दुसऱ्या आठवड्यात मी फक्त हात काढत होते. सुताची तुटलेली तार सांधणारा हात, फणीवरचा हात, बीमवरचा हात. चाळीसएक फोटो सरांना दाखवले. ते म्हणाले, "हात छान आहेत. माणूस कुठाय?" वाईट वाटलं, पण खरं होतं. चेहऱ्याकडं कॅमेरा न्यायला मला भीती वाटत होती. हाताला परवानगी विचारावी लागत नाही, असा सोयीचा समज मी करून घेतला होता. त्यानंतर चार दिवस कॅमेरा पिशवीतच राहिला. नुसती जाऊन बसायचे. मागाच्या आवाजात बोलणं होत नाही, म्हणून खुणा शिकले. पाणी, थांब, तार गेली, दार लाव.

प्रस्तावनेवर मात्र मी फार मेहनत घेतली होती. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथंच, टिळकवाडीत भरलं होतं. सदस्यत्वासाठी महिन्याला दोन हजार यार्ड सूत द्यायचं, हा नियम त्याच अधिवेशनातला. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. हे सगळं मी मोठ्या हौसेनं गोळा केलं होतं. सरांनी एका रेघेत छाटलं. म्हणाले, यातलं तुझ्या एकाही फोटोत दिसत नाही. दोन दिवस राग होता. ती पानं मी ठेवली आहेत, त्यावर वेगळं काही लिहायचं आहे मला.

एक फोटो मी स्वतःहून काढून टाकला, त्याचं दुःख अजून आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पाणी या घरातही शिरलं होतं. मोटार भिजली, मागावरची साडी वाया गेली. भिंतीवर पाण्याची खूण अजून दिसते, माझ्या गुडघ्याच्या वर. अण्णा ती दाखवत होते तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, जरा हात लावा की तिथं." त्यांनी लावला. दारातून उजेड आला, चेहरा अर्धा अंधारात, सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात देखणा फोटो. सरांनी बघितला आणि एवढंच विचारलं, "हात त्यांनी आपणहून ठेवला होता काय?" मी नाही म्हटलं. ते पुढं काही बोलले नाहीत. बातमीच्या फोटोत माणसाला उभं करायचं नाही, हे पहिल्या सत्रात शिकवलेलं असतं, मला ते पाठही होतं. त्याऐवजी नुसत्या भिंतीचा साधा फोटो घेतला. तो तितका चांगला नाही.

ज्या फोटोनं मला खरं शिकवलं तो वीज गेली तेव्हा मिळाला. दुपार होती. माग एकदम थांबले. त्या खटखटीनंतरची शांतता इतकी जड होती की माझ्या कानात शिट्टी वाजू लागली. अण्णा बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. ट्यूब बंद, म्हणजे पट्ट्यांचा प्रश्नच नाही, फक्त दाराचा उजेड. आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी अक्का हातचरख्यावर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरत होत्या. कर्र कर्र एवढाच आवाज. मी सहा-सात फोटो घेतले. त्यांनी वर बघितलंही नाही.

हा फोटो सातवा लावला आणि खाली लिहिलं, 'वीज गेल्यावर पतीला कामात मदत करताना'.

जमा करायच्या चार दिवस आधी मी सगळे फोटो आणि ओळी घेऊन अण्णा-अक्कांच्या घरी दाखवायला गेले. हा नियम नव्हता, मला हवं होतं म्हणून. अक्कांना मराठी वाचता येत नाही, म्हणून कानडी शाळेत आठवीला असलेली त्यांची नात एकेक ओळ मोठ्यानं वाचून कानडीत सांगत होती. सगळे मजेत होते. सातव्या फोटोला अक्कांनी तिला थांबवलं.

"हे काय लिहिलीस? मदत?"

मला कळेना काय चुकलं.

"माग बंद पडला तरी माझं चालूच असतंय. कांडी नसली तर धोटा काय नुसताच पळंल? मदत न्हवं हे, तंगी. काम करतो मी."

आमच्याकडं बायका 'करतो' म्हणतात, माझी आईही म्हणते. त्या दिवशी तो शब्द मला निराळा ऐकू आला. अण्णा काहीच बोलले नाहीत, मान मात्र हलवली. मग मी विचारलं, कांड्यांचे पैसे किती मिळतात? वेगळे नाहीत, म्हणाल्या. सूत देणारा मालक साड्या मोजतो आणि साडीवर मजुरी देतो. कांड्या साडीत धरलेल्या. सहा आठवडे मी त्या घरात बसले, त्यांचा चहा प्यायले आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मग सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या. नऊ ठिकाणी 'अण्णा' होते, अक्का दोन ठिकाणी, त्यातल्या एकीकडं चहा देताना. चहाचा फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसनं पुन्हा गेले, कारण अक्का दिवसाच्या कांड्या तेव्हा भरायला बसतात आणि त्या वेळी मी एकदाही तिथं नव्हते. तीन नवे फोटो आले. एकात भरलेल्या कांड्यांची टोपली मागाशेजारी ठेवलेली आहे, माणूस कुणीच नाही. तो पहिला लावला.

सातव्याखाली आता आहे, 'वीज गेल्यावर माग थांबले आहेत. कांड्या भरण्याचं काम चालू आहे. या कामाची मजुरी साडीच्या मजुरीतच धरली जाते'.

छापलेली एक प्रत घरी नेऊन दिली. अक्कांनी नातीकडून सातवी ओळ दोनदा वाचून घेतली, मग म्हणाल्या, "बरोबर हाय आता," आणि चरख्याकडं वळल्या. वीज आली होती.