‘खोली शिल्लक नाही’

मी पुण्यात ग्राहक आयोगापुढे वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत बिल्डर आणि विमा कंपन्यांचा भरणा असतो. हॉलिडे क्लबच्या तक्रारीही येतात, पण सुट्या सुट्या. कुणीतरी चिडून येतं, करार टेबलावर ठेवतं, ‘माझे सगळे पैसे परत मिळवून द्या’ म्हणतं आणि निकालाला किती वर्षं लागू शकतात हे ऐकलं की पुष्कळदा पुन्हा फिरकत नाही. म्हणून ऐन श्रावणात कोथरूडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा फोन आला, ‘मॅडम, आम्ही तिसेक जण आहोत, सगळे एकाच क्लबचे. सोसायटीचा हॉल घेतलाय, रविवारी याल का?’, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एकाच कंपनीविरुद्धचे इतके करार शेजारी शेजारी ठेवून वाचायची संधी सहसा मिळत नाही.

हॉलमध्ये बहुतेक जण साठीच्या पुढचे होते. प्रत्येकाच्या मांडीवर कापडी पिशवी किंवा प्लास्टिकचं फोल्डर. सदस्य कसे झालात म्हणून विचारलं, तर गोष्ट जवळपास सगळ्यांची सारखी. मॉलमध्ये किंवा प्रदर्शनात एक कूपन भरलं, मग ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, दोघांनी मिळून यायचं’ असा फोन आला. एका मोठ्या हॉटेलात दोन-तीन तास बसवून घेतलं, हिरव्या डोंगरांची चित्रफीत दाखवली आणि ‘हा दर फक्त आजच्यापुरता’ असं सांगून तिथल्या तिथे कार्ड घासून घेतलं. पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. सुरुवातीला दोन-तीन-चार लाख रुपये आणि वर दरवर्षी देखभालीचे पैसे, ज्याला सगळे एएमसीच म्हणतात. करार घरी पोस्टाने आला तो नंतर. बारीक अक्षरातली ती पानं त्या दिवसापर्यंत कुणी पुरती वाचली नव्हती. याबद्दल मी कुणालाही बोल लावला नाही. सही आधी आणि कागद नंतर अशीच ही विक्री बेतलेली असते.

सुरुवातीचा तासभर नुसत्या तक्रारी ऐकल्या. पोहण्याचा तलाव कधीही जा, ‘दुरुस्तीसाठी बंद’. मुलांच्या खेळघराला आता वेगळे पैसे. फोन केल्याशिवाय गीझरचं पाणी तापत नाही. कॉल सेंटरला पाऊण-पाऊण तास संगीत ऐकायचं, मग तक्रार क्रमांक मिळतो आणि दुसऱ्या दिवशी ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा मेसेज येतो. निकाली कशी निघाली, ते कुणीच सांगत नाही. एका काकूंच्या यजमानांचं निधन झालेलं. सदस्यत्व त्यांच्या नावावर करायला कंपनी ‘हस्तांतरण शुल्क’ मागतेय. नवऱ्यासोबत त्यांचीही सही करारावर होती, तरी.

सहकारनगरच्या एका निवृत्त शिक्षिका बोलायला उभ्या राहिल्या आणि हॉलमधला गोंगाट थांबला. त्यांच्या सासूबाईंना मधुमेह, शिवाय तिखट अजिबात चालायचं नाही. हॉटेलात राहायचं म्हणजे त्यांच्या जेवणाचे हाल, म्हणून या घराने कित्येक वर्षं प्रवासच केला नव्हता. क्लब घेतला तो केवळ खोलीत स्वयंपाकघर होतं म्हणून. ब्रोशरमध्ये तसा फोटोच होता: गॅस, कुकर, फ्रिज, चार जणांची भांडी. पहिली काही वर्षं त्या महाबळेश्वरला डाळ-तांदूळ, भाजणी आणि मेतकुटाची बाटली घेऊन जायच्या, बाजारातून भाजी आणायच्या आणि सासूबाईंना मऊ भात करून घालायच्या. मग एका वर्षी गॅस गेला, इंडक्शन आलं. नंतर इंडक्शनही गेलं, चहाची किटली तेवढी राहिली. पुढे भांड्यांच्या कपाटाला कुलूप लागलं. आता खोलीत पाटी आहे, ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास मनाई’. खाली रेस्टॉरंटमध्ये माणशी बुफे.

‘सासूबाई आता नाहीत,’ त्या म्हणाल्या, ‘पण शेवटच्या तीन वर्षांत त्यांना कुठे नेता आलं नाही. आणि एएमसी मात्र मी त्या तिन्ही वर्षांची भरलीय.’

त्यांनी प्रत्येक सहलीत खोलीचे फोटो काढले होते आणि मुलाने ते तारखांसकट जपून ठेवले होते. एकाच ओट्याचे फोटो, वर्षागणिक रिकामा होत गेलेला ओटा. शेजारी मूळ ब्रोशर. मी त्यांना म्हटलं, तुमचा सगळा दावा या फोटोंत आहे. ‘सेवा खालावली’ असं नुसतं म्हणून आयोगापुढे भागत नाही. काय देऊ केलं होतं आणि काय मिळतंय, हे समोरासमोर मांडावं लागतं. तलावाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या कुणाकडेही बंद तलावाचा एकही फोटो नव्हता. तोंडी भांडून आलेल्या माणसाच्या हाती पुढे काहीच उरत नाही, आणि अशा क्लबांच्या बाबतीत सगळं भांडण फोनवरच होतं.

त्या दिवशीचा खरा प्रसंग त्यानंतर घडला. बिबवेवाडीच्या एक काकू म्हणाल्या, ‘मला चार वर्षं दिवाळीत खोली मिळालेली नाही. मी रेड सीझनचे, म्हणजे गर्दीच्या दिवसांचे, जास्तीचे पैसे भरलेत.’ त्यांचा भाचा सोबत होता, वाकडला आयटीत काम करणारा. तो म्हणाला, ‘मावशी, आत्ताच लाव फोन. स्पीकरवर ठेव.’ एकीकडे त्यांनी कॉल सेंटरला फोन लावला आणि दुसरीकडे त्याने लॅपटॉपवर हॉटेल बुकिंगची एक नेहमीची वेबसाइट उघडली. तेच रिसॉर्ट, त्याच तारखा.

बराच वेळ संगीत वाजलं. मग एका मुलीचा नम्र आवाज आला, सदस्य क्रमांक विचारला, थांबायला सांगितलं आणि म्हणाली, ‘सॉरी मॅम, त्या आठवड्यात खोली शिल्लक नाही. वेटलिस्टला टाकू का?’

भाच्याने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. त्याच प्रकारच्या खोल्या, त्याच पाच रात्री, पुढे एका रात्रीचा भाव आणि खाली ‘बुक करा’चं बटण.

हॉलमध्ये एकच कल्लोळ झाला. दोघा-तिघांनी लांबूनच त्या मुलीला सुनवायला सुरुवात केली. मी हात करून थांबवलं. काकूंचा स्वर मात्र जराही चढला नाही. त्यांनी विचारलं, ‘बाळ, मला नाही ना शिल्लक, मग बाहेरच्या लोकांना इंटरनेटवर कुठून मिळतेय?’

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, ‘मॅम, त्या खोल्या दुसऱ्या विभागाकडे असतात. आमच्या स्क्रीनवर दिसतं तेवढंच आम्हाला सांगता येतं.’

मी ते वाक्य तिथल्या तिथे वेळेसह लिहून घेतलं आणि उपस्थितांपैकी चौघांच्या त्यावर सह्या घेतल्या. भाच्याने स्क्रीनशॉट काढले. त्याला सांगितलं, मूळ फाइल तशीच ठेव, व्हॉट्सॲपवरून फिरवून आलेली मला नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा, द्यावं लागतं. ग्राहक आयोगाची कार्यपद्धती दिवाणी कोर्टाइतकी काटेकोर नसते, तरी समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची?

त्या मुलीचा मला तेव्हाही राग आला नाही, आजही येत नाही. तिने खरं सांगितलं, आणि तेवढ्याने या व्यवहाराची रचनाच उघडी पडली. सदस्यांच्या खोल्या वेगळ्या, बाजारात विकायच्या वेगळ्या, आणि कुठल्या आठवड्यात किती खोल्या कुठे टाकायच्या हे ठरवणारी एकटी कंपनी. नम्र आवाजाची माणसं पुढे बसवायची आणि उत्तर द्यायचा अधिकार त्यांच्यापासून काढून घ्यायचा, याला ग्राहकसेवा म्हणत नाहीत.

मात्र लोक ‘फसवणूक, फसवणूक’ म्हणू लागले तेव्हा मला त्यांना न आवडणारं बोलावं लागलं. एका खोलीचे वर्षाला बावन्न आठवडे. एक दुरुस्तीला सोडला तर एक्कावन्न उरतात. म्हणजे एका खोलीमागे आठवड्याचे सदस्य एक्कावन्नच करता येतात. शंभर खोल्या असतील तर पाच हजार शंभर. कंपनीने त्याहून कमी सदस्य केले असतील, तर उरलेले आठवडे तिचेच आहेत आणि ते बाहेर विकण्यात गैर काही नाही. शिवाय दिवाळीत आणि मे महिन्यात सगळ्यांनाच जायचं असतं. कितीही प्रामाणिक कंपनी असली, तरी ती प्रत्येकाला दिवाळीचा आठवडा देऊ शकत नाही. नुसता एक स्क्रीनशॉट पुरेसा नाही. खरा प्रश्न असा, की सदस्य किती केले, खोल्या किती आहेत आणि रेड सीझनच्या आठवड्यांत त्यांतल्या किती सदस्यांसाठी ठेवल्या. हे आकडे सदस्यांना कधीच मिळालेले नव्हते आणि कुणी लेखी मागितलेलेही नव्हते.

एएमसीचंही तेच. ती दरवर्षी वाढत गेली, वर अठरा टक्के जीएसटी. हे पैसे देखभालीसाठी घेतले जातात, तर देखभालीवर किती खर्च झाले याचा हिशेब मागायचा सदस्यांना पूर्ण हक्क आहे, असं माझं ठाम मत आहे. तलाव बंद, ओटा रिकामा आणि बिल चढतं, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडल्या की हिशेब का हवा ते वेगळं सांगावं लागत नाही.

दोघांनी रागाने एएमसी भरणंच बंद केलं होतं. त्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. पैसे थकले की कंपनी सदस्यत्व गोठवते, व्याज लावते आणि आयोगापुढे ‘तक्रारदारच थकबाकीदार आहेत’ असं म्हणायला मोकळी होते. भरा, पण सोबत ईमेल करा, की हक्क राखून, निषेध नोंदवून भरत आहोत. हे मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा सांगितलं.

मग तक्रार कशी करायची, यावर बराच वेळ गेला. करारात लिहिलं होतं, की वाद लवादापुढे, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचापुढे, चालेल आणि तोही दुसऱ्या राज्यातच. हे वाचूनच अनेक जण आजवर गप्प बसले होते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि लवादाचं कलम ग्राहक आयोगाच्या आड येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. जिल्हा आयोगापुढे चालणाऱ्या तक्रारींची मर्यादा आता ५० लाख रुपये, तीही मागितलेल्या भरपाईवर नाही तर दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे भरलेल्या पैशांवर, मोजली जाते. सगळ्यांनी मिळून एकच तक्रार केली तर सगळ्यांचे पैसे एकत्र धरले जाण्याची आणि प्रकरण राज्य आयोगाकडे, मुंबईला जाण्याची शक्यता. प्रत्येकाने वेगळी केली तर ती पुण्यातच राहते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. सत्तरीच्या माणसांना मुंबईच्या खेपा घालायला लावणं मला पटेना. वेगवेगळ्या तक्रारी, मसुदा एक, सुनावणी एकत्र घेण्याची विनंती, असं ठरलं.

त्यात एक किंमत मोजावी लागली. ‘कंपनी पूर्वसूचनेशिवाय कोणतीही सुविधा बदलू किंवा काढू शकेल’ हे करारातलं कलम मुळातच रद्द ठरवून घ्यायचं असेल, तर अनुचित कराराचा तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. बँकवाल्या काकांना ते कलमच खोडून हवं होतं. ‘नवीन माणसं तरी वाचतील,’ ते म्हणाले. आमची यावर बरीच वादावादी झाली. शेवटी मी त्यांना सांगितलं, की आधी सेवेतल्या त्रुटीचा निकाल घेऊ, त्या कलमाचं नंतर बघू. त्यांनी मान्य केलं, पण मनापासून नाही.

तक्रारींआधी कंपनीला आमची नोटीस गेली, तशी ती हलली. दिवाळीच्या तोंडावर बिबवेवाडीच्या काकूंना स्वतःहून फोन आला, ‘खास बाब म्हणून’ खोली देतो. घेऊ का, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अवश्य घ्या, ती तुमची हक्काची आहे. फक्त ‘नोटिशीतील मागण्या कायम ठेवून स्वीकारत आहे’ असा ईमेल आधी करा. त्यांनी केला आणि जाऊन आल्या. आणखी काहींना अशाच खोल्या मिळाल्या, त्यांतल्या तिघांनी तक्रार करायचा विचार सोडला. मला वाईट वाटलं, पण त्यांनाही दोष देता येत नाही. त्यांना खोलीच हवी होती.

बाकीच्यांच्या तक्रारी दाखल झाल्या. लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर, द्यायला कंपनीला कायद्याने तीस दिवस आणि वर फार तर पंधरा. कंपनीने ती अगदी शेवटच्या दिवशी दिली. स्वयंपाकघरं आगीच्या धोक्यामुळे काढली म्हणे, मात्र अग्निशमन विभागाचा एकही कागद सोबत जोडलेला नाही. सदस्यसंख्या आणि खोल्यांचं वाटप ही ‘व्यावसायिक गोपनीय माहिती’ असल्याचं लिहिलंय. कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत, म्हणून आम्ही तसा अर्ज दिलाय आणि त्यावर युक्तिवाद व्हायचा आहे. मागितलेल्या कागदांची यादी एका पानात बसते: दर रिसॉर्टच्या खोल्यांची आणि सदस्यांची संख्या, गेल्या पाच वर्षांत रेड सीझनमध्ये सदस्यांना आणि बाहेरच्यांना दिलेल्या खोल्यांची नोंद, आणि एएमसीच्या जमाखर्चाची लेखापरीक्षित पत्रकं.