बधिर पायातली आग

मे २०१९. आंब्याचा शेवटचा तोडा चालला होता. देवगडजवळच्या आमच्या बागेत जुन्या कलमावर चढलो, घळ, म्हणजे आंबे तोडायची जाळीची काठी, जरा जास्तच लांब नेली आणि फांदीसकट खाली आलो. पाठीचा मणका तुटला, मज्जारज्जूला डी-१०, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याच्या, पातळीवर मार बसला. कोल्हापूरला सळ्या आणि स्क्रू बसवले. तेव्हापासून बेंबीच्या खाली कुणी हात लावला तर मला कळत नाही. पाय गेले हे लोकांना समजतं, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. गेलेले पाय दुखतात, हे मात्र समजावता समजावता माझा जीव मेटाकुटीला आला.

घरी आलो तेव्हा पाय ओल्या कापडासारखे लुळे होते. साधारण तिसऱ्या महिन्यात, भर पावसात, आग सुरू झाली. तळव्यांना बिब्बा उतावा तशी. मधेच विजेचा झटका मांडीतून खाली जायचा. आणि कमरेभोवती, जिथे संवेदना संपते नेमक्या त्या रेषेवर, काथ्याचा दोर करकचून आवळल्यासारखा पट्टा. दिवसा माणसांत असलो की बरं. रात्री घर निजलं की आग वाढायची.

चुलतभाऊ म्हणाला, "जो पाय तुका कळनाच नाय, तो दुखतलो कसो?" त्याचं काय चुकलं? मलाही तेच वाटायचं. काकीने देवाला कौल लावून बघायला सांगितलं, तेही केलं. मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. पोट तेवढं बिघडलं, आग तशीच.

मग मी एक मूर्खपणा केला. आग होते तिथे शेक दिला तर बरं वाटेल म्हणून रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाखाली घेतली. सकाळी बायको ओरडली, "अवो, तुमचो पाय भाजलो हा!" टाचेला पेरूएवढा फोड. रात्रभर जी आग मला जाळत होती ती खोटी, आणि खरा चटका बसला तो कळलाही नाही. जखम भरायला दीड महिना गेला. आता माझ्या पायांना शेक नाही, आंघोळीचं पाणीही आधी हाताच्या कोपराने बघायचं.

पाय पहिल्यांदा हलला तो चतुर्थीच्या आरतीला. मी पडवीत खाटेवर होतो. टाळ-झांजा चालू असताना उजवा गुडघा एकदम पोटाकडे आला आणि थरथरत राहिला. आईने आरती अर्ध्यावर सोडली. "पाय हललो रे, गणपती पावलो!" सगळं घर रडलं, मीही रडलो. वाडीतून लोक बघायला आले. दोन दिवस तो पाय म्हणजे घरातला दुसरा गणपतीच झाला होता.

कोल्हापूरला तपासणीला गेलो तेव्हा फिजिओथेरपिस्टने आईला समोर बसवून सावकाश सांगितलं. दुखापतीच्या खालचा मज्जारज्जू जिवंतच असतो, पण मेंदूचा लगाम सुटलेला असतो. चादर घासली, मूत्राशय भरलं, गार वारा लागला, एवढंही त्याला पुरतं; तो स्वतःच स्नायू आखडून घेतो. सुरुवातीला सगळं सुन्न असतं म्हणून पाय लुळे, तो धक्का ओसरला की हे सुरू होतं. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. पाय हलतो, पण मी हलवत नाही. आई काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

आगीचंही नाव त्याच दिवशी कळलं. न्यूरोपॅथिक वेदना. पायात काही बिघडलेलं नसतं, जखमी मज्जारज्जूच खोटी वर्दी देत राहतो, म्हणून साध्या वेदनाशामक गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत. "दुखतं ते खरंच दुखतं," डॉक्टर म्हणाले. चुलतभाऊ शेजारीच उभा होता, म्हणून मला अर्धं बरं तिथेच वाटलं. अशा वेदनेवरची प्रेगाबालिन ही गोळी रात्री ७५ मिलिग्रॅमपासून सुरू केली, हळूहळू वाढवली. पहिले पंधरा दिवस झोपेतच गेले. आग विझली नाही. दहापैकी आठवरून चारवर आली. चारवर माणूस जेवतो, बोलतो, आंब्याचा हिशोब करतो.

पाय उडतात, ते कमी करायला बॅक्लोफेन ही गोळी. इथे मला उगाच घाई झाली होती, पाय एकदम शांतच करून टाका म्हणालो. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "सगळं घालवू नका काका, थोडा ताठरपणा कामाचा असतो." खरं निघालं. कॅलिपर, म्हणजे पायांना बांधायचा आधाराचा सांगाडा, घालून उभं राहताना तोच ताठरपणा आधार देतो. आता सकाळी वीस मिनिटं मुलगा पाय ताणून देतो, घोटे वर दाबतो, मग मी थोडा वेळ पालथा पडतो. ज्या दिवशी हे चुकतं त्या दिवशी पाय मला व्हीलचेअरवरून खाली ओढतात.

पुढच्या थंडीत पाय अचानक चेकाळले. तीन रात्री झोप नाही. मी गोळी वाढवणार होतो, तेवढ्यात फोनवर डॉक्टरांनी उलट प्रश्न सुरू केले. लघवी गढूळ आहे? पोट साफ होतं? बूड लाल झालंय? नखं बघितलीत? डाव्या अंगठ्याचं नख मांसात घुसून पू झाला होता. ते काढलं आणि दोन दिवसांत पाय निवले. जे मला कळत नाही ते पाय असं ओरडून सांगतो. म्हणून पाय उडाले की आधी बायको आणि मी बॅटरी घेऊन चोर शोधतो. बहुतेक वेळा लघवीत जंतुसंसर्ग सापडतो, एकदा तर खिशातला किल्ल्यांचा जुडगा मांडीखाली सापडला.

सगळ्यात वाईट अनुभव जुलै २०२१ चा. चिपळूण बुडालं, कोल्हापूरला पूर, घाट बंद, आणि माझ्या बॅक्लोफेनची पाकिटं संपलेली. आमच्या इथे ती मिळत नव्हती. मला वाटलं, चार दिवस नसली तर काय होतंय? दुसऱ्या दिवशी अंगाला खाज, घाम, ताप, आणि पाय लाकडासारखे ताठ. दोघांना मिळून वाकेनात. डॉक्टर फोनवर चिडलेच. ही गोळी एकदम बंद करायची नसते, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. चुलतभाऊ, तोच, भर पावसात मोटरसायकलवर कणकवलीला गेला आणि दोन पाकिटं छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आला. भिजलेला, थरथरत उभा. म्हणाला, "घे. आता दुखता काय ता सांग."

आमच्याकडे आगोटीला पावसाळ्याची बेगमी करतात. सुकट, आमसुलं, मसाला, सुकी लाकडं. बायकोच्या यादीत आता सुकटीच्या खाली बॅक्लोफेनची दोन महिन्यांची पाकिटं असतात. डब्यावर तिने मुलाकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय: "बाबांचे. सुकटीजवळ ठेवू नये."