आमची वाटचाल: खणखणाटाकडून माडग्याकडे

साताऱ्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीला मावळ्यांचे पोशाख भाड्याने देणं, इथून आमचं काम सुरू झालं. तेव्हाचा माल म्हणजे मागे चेन लावलेले सॅटिनचे अंगरखे आणि पत्र्याच्या तलवारी. आता गांधी मैदानावर किंवा शाळेच्या पटांगणात सतराव्या शतकातल्या शिबंदीची, म्हणजे किल्ल्यावरच्या शिपायांची, छावणी उभी करतो: शस्त्रं, चिलखत, रंगाचं पातेलं, चूल. वाजवून दाखवायच्या तलवारी दरवर्षी कमी होत गेल्या, हातात द्यायच्या वस्तू वाढल्या.

पैसा सगळ्यात जास्त खाल्ला तलवारींनी. मिरवणुकीच्या तलवारीचं पातं मुठीत वेल्ड केलेल्या सळईवर उभं असतं. घावाला घाव लागत गेला की जोड तुटतो आणि पातं थेट लोकांत जातं. म्हणून पातं इएन 45 या कमानपाट्याच्या पोलादाचं करून घेतो, तेलात विझवून मग ताव उतरवलेलं, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 45 ते 48. याहून कडक झालं तर टवके उडतात, मऊ राहिलं तर वाकलेलं पातं वाकलेलंच राहतं. धार किमान 2 मिलिमीटर जाड, टोक नाण्यासारखं गोल. जुन्या पद्धतीने मूठ लाखेत बसवली की दिसते देखणी, पण एप्रिलच्या उन्हात बंद टेम्पोमध्ये लाख मऊ पडते. तेव्हा मांडणीतल्या तलवारींना लाख, झुंजीच्या तलवारींना मुठीच्या पट्ट्यांतून आरपार दोन रिव्हेट. प्रयोगाआधी प्रत्येक धारेवरून जुनं सुती धोतर फिरवायचं. धागा अडकला तिथे खाच आहे. कानस लागल्याशिवाय ते पातं मैदानात उतरत नाही.

शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. आमची पाती बोथट असली तरी लांबून तलवार ती तलवारच दिसते. यादीसकट अर्ज पोलीस ठाण्यात आधी देतो आणि पेट्या कुलपात नेतो. बंदुकीत दारू भरतच नाही. ठासण्याची कृती गजाने कोरडीच करून दाखवतो. तोडा, म्हणजे बंदुकीला बत्ती देणारी धुमसती दोरी, मात्र शुद्ध सुताचा हवा. नायलॉन मिसळलेली दोरी धुमसत नाही, वितळते.

2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाल्यापासून मागणी पट्ट्याचीच. त्याची मूठ हात झाकून टाकते, त्यामुळे मनगट वळत नाही. पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. नवशिका मनगटाने ओढायला जातो आणि लवचिक पातं त्याच्याच पोटरीवर येतं. 4 फुटी पातं, हात आणि एक पाऊल धरलं तर 9 ते 10 फुटांची झेप. प्रेक्षकांना अडवणारी दोरी आम्ही 20 फुटांवर बांधतो, कारण मोबाइल धरलेला माणूस पुढे सरकल्याशिवाय राहत नाही.

पोरांना ओढ चिलखताची. 10 ते 12 किलोंचं वजन आधी सगळं खांद्यावर येतं. कमरेला शेला आवळला की बरंचसं कमरेवर उतरतं. हा फरक अंगावर घेऊन कळतो, ऐकून नाही. गंज धरला तर झाकणाच्या पिंपात कोरडी वाळू घालून चिलखत लोळवायचं. कापड सुतीच, कारण चुलीजवळ पॉलिस्टर कातडीला चिकटतं. बटणं नाहीत, बंद. जाम्याचे, म्हणजे घेरदार अंगरख्याचे, बंद हिंदू डाव्या बगलेत आणि मुसलमान उजव्या बगलेत बांधत, हे आमच्या जुन्या मालात उलटसुलट होतं. मंजिष्ठेच्या मुळीने लाल रंगवताना किलोभर कापडाला 150 ते 200 ग्रॅम तुरटी लागते. लोखंडी घमेलं घेतलं की लाल मळकट होतो.

साताऱ्यात वेढा दाखवायला किल्ला डोक्यावरच आहे. अजिंक्यताऱ्याला 1699 च्या डिसेंबरात मोगलांचा वेढा पडला, औरंगजेबाचा तळ उत्तरेला करंज्याजवळ. 13 एप्रिल 1700 ला मोगलांनी तटाखाली पेरलेले दोन सुरुंग उडाले आणि दुसऱ्याचा ढिगारा हल्ल्यासाठी जमलेल्या मोगली फौजेवरच कोसळला. हे दाखवायला मोठ्या परातीत ओल्या मातीचा कडा थापतो, आत सायकलची ट्यूब पुरतो आणि पंप मारतो. माती कोरडी असेल तर आधीच ढासळते, फार ओली असेल तर नुसती भेगाळते. मुठीत लाडू वळेल एवढाच ओलावा हवा. कड्याची उतरती बाजू मोकळी असल्यामुळे माती बाहेरच पडते. पोरं खाली खेळण्यातले सैनिक आपणहून मांडतात.

चुलीवर ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. भाजलेल्या हुलग्यांचं वाटीभर पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग सहा वाट्या उकळत्या पाण्यात सोडायचं. थेट टाकलं की गुठळ्या, आणि ढवळणं थांबलं की उतू. चटणी जवसाची, तिखटाला मिरे. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो अमेरिकेहून आलेले, म्हणून छावणीत घेत नाही. शेंगदाण्याची चटणी मागणारा सातारकर दर प्रयोगाला एक तरी भेटतोच, आणि तो हिरमुसला तरी माडग्याची दुसरी वाटी सोडत नाही.